कोयता देणाऱ्याचं नाव यादीत का नसतं? विधिमंडळाच्या सदस्यांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा आणि विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य,
विधान भवन, मुंबई.

सन्माननीय सदस्यहो,

स. न. वि. वि.

मी पुण्यात टेकडीच्या उतारावरच्या एका वस्तीत राहते. महापालिकेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवलं. निवृत्तीनंतर चार वर्षं विधी स्वयंसेवक म्हणून काम करते. म्हणजे वकिली नाही. लोकांचे कोर्टाचे कागद वाचून दाखवायचे, अर्ज लिहून द्यायचे, कुठल्या मजल्यावर कुठल्या खिडकीशी उभं राहायचं ते सांगायचं. वस्तीत मला सगळे ‘बाई’ म्हणतात. ज्यांच्यावर तुम्ही सभागृहात बोलता ती ‘कोयता गँग’सुद्धा बाईच म्हणते, कारण त्यातल्या निम्म्यांना पाढे मी शिकवलेत.

पुण्यात कुठे तोडफोड झाली, त्याचा व्हिडिओ फिरला, की सभागृहात कुणीतरी उठून मागणी करतं: कडक कायदा करा, गुन्हेगाराला प्रौढ धरायचं वय खाली आणा, सगळ्यांना मोक्का लावा. बाकं वाजतात. मीही ते टीव्हीवर बघते आणि खरं सांगते, पहिल्या मिनिटाला मलाही बरं वाटतं. दुसऱ्या मिनिटाला ती रात्र आठवते, आणि माझी स्वतःची लाज.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे सव्वाअकरा झाले असतील. कोयत्याची पाठ पत्र्यावरून घासत नेली की एक आवाज येतो, तो ज्याने ऐकलाय त्याला वर्णन लागत नाही. दोन गाड्या, ट्रिपल सीट, सहा पोरं. चढाच्या सुरुवातीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत उभी असलेली एकेक गाडी फोडत गेली. शेजारच्या भाऊंची रिक्षा पहिल्यांदा. पुढची काच, मग मीटर, मग हूड वरून खालपर्यंत फाडलं. भाजीवालीचा टेम्पो, शाळेच्या मुलांची व्हॅन, पाच-सहा दुचाक्या. ‘इथला भाई कोण?’ असं ओरडत होती. या प्रश्नाचं उत्तर त्यांना नको असतं, आम्ही ऐकावं एवढंच हवं असतं. ज्या पोराशी त्यांची खुन्नस होती तो त्या रात्री वस्तीत नव्हताच. वरच्या सोसायटीच्या गेटला कुणी हात लावला नाही, तिथे वॉचमन असतो.

भाऊंच्या रिक्षाचा विमा थर्ड पार्टी. स्वतःच्या काचेचा एक पैसा मिळत नाही. काच, हूड आणि नऊ दिवस गाडी बंद. त्यांनी बचत गटाकडून कर्ज काढलं. तुमच्या कामकाजात ही रक्कम कधी येणार नाही म्हणून इथे लिहून ठेवते.

सकाळी पंचनामा झाला. मेडिकलवाल्याच्या कॅमेऱ्यात सहाही जण दिसत होते. दोघांनी तोंडाला रुमाल बांधला होता, पण चालण्यावरून माणूस कळतो. दुकानापुढे जमलेल्या तीसेक लोकांनी तो व्हिडिओ पाहिला आणि प्रत्येकाने प्रत्येकाला ओळखलं. साहेबांनी विचारलं, ओळखता का कुणाला? अंधार होता साहेब. मी घरात होते साहेब. चष्मा नव्हता साहेब. चष्मा नसलेली ती बाई मी. सातवी ‘ब’मधला, शेवटून दुसऱ्या बाकावरचा मुलगा मला रुमालातून दिसला होता. ३१ वर्षं मुलांना खरं बोला म्हणून सांगितलं आणि त्या सकाळी मी ‘अनोळखी इसम’ या दोन शब्दांखाली सही केली. कारण साधं आहे. पोलिसांची गाडी अर्ध्या तासाने जाते. मला रात्री तिथेच झोपायचं असतं.

कायदे कमी आहेत का? तुमच्याच पूर्वसुरींनी केलेले मोजू. मुंबई पोलीस अधिनियम १९५१ चा, आता तो महाराष्ट्र पोलीस अधिनियम झालाय. त्याचं कलम ५५ टोळ्यांची पांगापांग करण्यासाठीच आहे, ५६ आणि ५७ एकेकट्यासाठी. यालाच आपण तडीपारी म्हणतो, दोन वर्षांपर्यंतची. मग १९८१ चा एमपीडीए. त्यात खटला न चालवता वर्षभर स्थानबद्ध करता येतं. त्या कायद्याच्या नावातच पहिला शब्द ‘झोपडपट्टीदादा’ आहे. कायद्याच्या नावात आमचा पत्ता घातलेला बघून मला नेहमी गंमत वाटते. बंगलेदादांसाठीचा कायदा अजून माझ्या वाचनात आलेला नाही. १९९९ मध्ये संघटित गुन्हेगारीविरुद्धचा मकोका आला, ज्याला महाराष्ट्रभर ‘मोक्का’ म्हणतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम १११ संघटित गुन्हेगारीला आणि कलम ११२ किरकोळ संघटित गुन्हेगारीला. आणि २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात तुम्ही अमली पदार्थांचे गुन्हेही मकोकात आणलेत. एवढं सगळं कपाटात असताना नवं काय शिवून घ्यायचंय?

तडीपारीचं आमच्याकडे काय होतं ते सांगते. पोरगा पुणे जिल्ह्यातून तडीपार झाला की शिरवळला खोली घेतो. नीरा ओलांडली की सातारा जिल्हा. रात्री गाडीवर येतो, आईच्या हातचं जेवतो, पहाटे परत. मध्येच सापडला की आणखी एक गुन्हा, म्हणजे त्याच्या नावापुढे आणखी एक आकडा, म्हणजे वस्तीत आणखी थोडा भाव. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये जालन्याच्या एका माणसाचा तडीपारीचा आदेश रद्द करताना सांगितलं होतं की हा असाधारण उपाय आहे, उठसूट वापरायचा नाही. आमच्याकडे गणपती आणि निवडणूक जवळ आली की याद्या निघतात.

मकोकाबद्दल जरा थांबून लिहिते, कारण तुम्ही सगळ्यात जास्त नाव त्याचंच घेता. तो ज्या दिवसांत आला ते दिवस मला आठवतात. मुंबईत बिल्डर, हॉटेलवाले, सिनेमावाले यांना दुबईहून फोन यायचे. ऑगस्ट १९९७ मध्ये गुलशन कुमार यांना मंदिराबाहेर भर दिवसा गोळ्या घातल्या. टाडा हा दहशतवादविरोधी कायदा १९९५ मध्येच संपला होता. ज्याच्या एका फोनवर शहरात माणूस मरतो त्याच्यापर्यंत नेहमीचा कायदा पोचत नाही, कारण तो स्वतः कधी हत्याराला हात लावत नाही. त्याच्यासाठी हा कायदा होता. म्हणून त्यात फोनवरचं बोलणं ऐकायची मुभा आहे, पोलीस अधीक्षक किंवा उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो, दोषारोपपत्राला ९० ऐवजी १८० दिवस मिळतात, आणि आरोपी दोषी नसल्याचं मानायला सबळ कारण आहे व सुटल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही असं न्यायाधीशांना वाटल्याशिवाय जामीन नाही. एवढी धार आहे म्हणून त्याला मुठीही घातल्या आहेत. अपर पोलीस आयुक्त किंवा उपमहानिरीक्षक यांच्या पूर्वमंजुरीशिवाय तो लावता येत नाही, आणि आयुक्त किंवा अपर महासंचालक यांच्या मंजुरीशिवाय न्यायालय दखल घेत नाही. विचार करून केलेला कायदा आहे, माझं त्याच्याशी भांडण नाही.

आता तो आमच्या गल्लीत कसा उतरतो ते बघा.

त्या तोडफोडीनंतर तीन आठवड्यांनी एक बाई माझ्याकडे आली. चार घरी धुणीभांडी करते. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद पुढे केला. “बाई, यात काय लिहिलंय ते सांगा. सगळे म्हणतात मोक्का लागला. म्हणजे फाशी का?” मी आधी तिला पाणी दिलं. यादीत १२ नावं होती. पहिल्यापुढे ‘टोळीप्रमुख’, वय २३. तिचा मुलगा आठवा, वय १९, ‘टोळी सदस्य’. त्याच्यावर याआधी एकही गुन्हा नव्हता. तिला हेच कळेना. “पहिल्यांदाच तर आहे. दहा वर्षांत दोन केसा लागतात म्हणे ना?”

तिचं ऐकीव ज्ञान बरोबर होतं, आणि नव्हतंही. कायदा म्हणतो की मागच्या दहा वर्षांत एकापेक्षा जास्त दोषारोपपत्रं दाखल होऊन न्यायालयाने त्यांची दखल घेतलेली असली पाहिजे. पण ती कुणावरची? मुंबई उच्च न्यायालयाने २००९ च्या एका निकालात सांगितलं की ती टोळीच्या नावावर असली तरी पुरे, प्रत्येक सदस्यावर वेगळी असायची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये, कोल्हापूरच्या मटका अड्ड्यावरच्या छाप्यातून निघालेल्या प्रकरणात, तेच मानलं. मोठ्या टोळीसाठी हे बरोबरच आहे. नाहीतर भाई दर वेळी नवा, कोरा पोरगा पाठवेल आणि कायदा हात चोळत बसेल. पण पोरं रोज एकाच कट्ट्यावर बसणाऱ्या वस्तीत ‘टोळी’ची रेघ कुठे संपते, हे लिहिणाऱ्याच्या पेनावर ठरतं. त्या रात्री गाडीवर सहा जण होते. यादीत १२ आहेत. उरलेले सहा कुठून आले ते मी त्या आईला सांगू शकले नाही. तिचा मुलगा त्या सहांत होता का, हे मला कॅमेऱ्यातून माहीत आहे, आणि ते मी तिलाही सांगितलं नाही, पोलिसांनाही नाही.

खोटं कशाला बोलू, मोक्का लागल्याचं कळलं तेव्हा गल्लीत पेढे वाटले गेले आणि मीही एक खाल्ला. पुढचे सातेक महिने शांततेत गेले. मुली क्लासवरून रात्री नऊला एकट्या चढ चढून येऊ लागल्या. ही शांतता ज्यांना फुकटची वाटते त्यांनी इथे एक पावसाळा काढावा. म्हणून ‘पोलीसराज, काळा कायदा’ एवढंच बोलून थांबणाऱ्यांशीही माझं जमत नाही.

पण सातव्या-आठव्या महिन्यात त्याच कट्ट्यावर दुसरी सहा पोरं बसायला लागली. आधीच्यांपेक्षा लहान. आणि त्यांच्याशी बोलायला गाडीतून उतरणारा माणूस तोच होता. पांढरा शर्ट, हातात दोन फोन, वय चाळिशीच्या आसपास. १२ नावांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. असायला हवं होतं असं मी म्हणत नाही. माझ्याकडे पुरावा नाही. माझ्याकडे फक्त एक सोळा वर्षांचा मुलगा आहे, आणि त्याने माझ्या ओट्यावर बसून चहात बटर बुडवत जे सांगितलं ते.

“कोयता कुठून आणलास रे?”

“आणला नाही बाई, दिला.”

“कुणी?”

तो हसला. “दादा म्हणाला, तुला अठरा कुठं झालीत? तुला मोक्का लागत नाही, काही लागत नाही. चार महिने रिमांड होममध्ये क्रिकेट खेळशील. बाहेर आलास की तुझं नाव झालेलं असेल.”

‘नाव झालेलं असेल’ हे वाक्य मी त्या दिवसापासून डोक्यात घेऊन फिरते. या मुलाचं नाव शाळेच्या हजेरीपटाशिवाय कुठेच नव्हतं. गणितात नापास, तालमीत वजन कमी, घरी तिसरा. त्याला नाव देणारा पहिला माणूस तो पांढऱ्या शर्टवाला.

सदस्यहो, या पांढऱ्या शर्टवाल्यासाठीही कायदा आहे, आणि तो आजचा नाही. बाल न्याय अधिनियम २०१५, कलम ८३, पोटकलम २. प्रौढ व्यक्तीने किंवा प्रौढांच्या गटाने, एकट्याने किंवा टोळी करून, बालकाचा बेकायदेशीर कामासाठी वापर केला तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड. ‘टोळी’ हा शब्दसुद्धा त्यात आहे. न्याय संहितेचं कलम ९५ त्याहून पुढे जातं. गुन्हा करण्यासाठी बालकाला कामाला लावलं तर किमान तीन आणि जास्तीत जास्त दहा वर्षं, आणि मुलाने तो गुन्हा केलाच तर लावणाऱ्याला तो स्वतः केल्याची शिक्षा. चार वर्षांत माझ्यापुढे जेवढे कागद आले त्यांत ही दोन कलमं मला एकदाही दिसली नाहीत. मोक्काची चार पोटकलमं मात्र मला आता पाठ झाली आहेत.

त्यामुळे वय खाली आणायची मागणी ऐकली की मला त्या सोळा वर्षांच्या मुलाचा धाकटा भाऊ आठवतो. तो चौदाचा आहे. वयाची रेघ सोळावर आणलीत तर कोयता त्याच्या हातात जाईल. देणाऱ्याला वयाचा हिशेब तुमच्या-माझ्यापेक्षा चांगला येतो. शिवाय सोळा ते अठरा वयाच्या मुलाने निर्घृण गुन्हा केला तर त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवायचा का, हे बाल न्याय मंडळ आधीच तपासतं. ती सोय २०१५ च्या कायद्यातच आहे.

आणि ‘कोयता गँग’ हे नाव. वर्तमानपत्रांनी २०२२ च्या शेवटी ते उचललं आणि तेव्हापासून कोयता दिसला की गँग. जून २०२३ मध्ये सदाशिव पेठेत भर रस्त्यात एका तरुणीवर कोयत्याने हल्ला झाला, दोन-तीन मुलांनी जीव धोक्यात घालून तिला वाचवलं. ते एकतर्फी प्रेमातून झालं होतं, टोळीचा काही संबंध नव्हता, तरी चर्चा गँगचीच. मध्यंतरी कोयता विकताना आधार कार्ड बघा, असं दुकानदारांना सांगण्यात आलं. कोपऱ्यावरचा नारळवाला मला विचारत होता, “बाई, मी पण गँग का?”

माझं माहेर बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातलं. आमच्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम विचारतो, गावातून किती कोयते? म्हणजे किती जोड्या. दिवाळी झाली की गावंच्या गावं रिकामी व्हायची. त्या जोड्यांतल्या काही परत गेल्या नाहीत, पुण्यातच बांधकामावर राहिल्या, आणि त्यांची नातवंडं आज माझ्या वस्तीत आहेत. आजी-आजोबांना मुकादम उचल देऊन बांधून घ्यायचा. नातवाला पांढऱ्या शर्टवाला पेट्रोलला पाचशे आणि वाढदिवसाला केक देऊन बांधून घेतो. हे जुळवून लिहायचं मनात नव्हतं, पण ‘कोयता’ हा शब्द लिहिताना ते आपोआप आलं.

केजचं नाव निघालं म्हणून आणखी एक. त्याच तालुक्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांची ९ डिसेंबर २०२४ ला कशी हत्या झाली ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं, त्या फोटोंवरून आमच्या घरात दोन दिवस कुणी नीट जेवलं नाही. पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या खंडणीतून ते झालं, असा तपास यंत्रणेचा आरोप आहे. मकोका लागला, प्रकरण न्यायालयात आहे, जे व्हायचं ते तिथे होईल. पण त्या गदारोळात तुमच्यातल्या एका मंत्र्यांना मार्च २०२५ मध्ये राजीनामा द्यावा लागला, ही गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा जवळून माहीत आहे. तिथे कुणी रील बनवली नव्हती, ‘इथला भाई कोण’ असं ओरडलं नव्हतं. तिथे ते विचारावंच लागत नाही.

आता फ्लेक्सबद्दल. हे पत्र लिहायचं खरं कारण फ्लेक्स आहे.

आमच्या चौकात दर महिन्याला कुणाचा तरी वाढदिवस असतो. वीस फुटी फ्लेक्स. मधोमध भाई, गॉगल, खांद्यावरून शाल, मागे सिंह. खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून तीस-चाळीस पोरांचे पासपोर्ट फोटो, एकमेकांना चिकटून. त्या सोळा वर्षांच्या मुलाचा फोटो तिसऱ्या ओळीत होता. त्याने आईला हात धरून दाखवायला नेलं होतं. आधार कार्डानंतरचा त्याचा हा पहिला छापलेला फोटो. आणि सगळ्यात वर, ढगांत देव असावेत तसे, तुम्ही. कुठला पक्ष ते विचारू नका, वर्षभरात मी सगळे मोजलेत.

तुम्ही म्हणाल, फोटो परस्पर लावतात, आम्हाला पत्ताही नसतो. असेल. मग एक साधी गोष्ट करा. आपला फोटो अशा फ्लेक्सवर दिसला की पालिकेत आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या की माझा संबंध नाही, काढून टाका. बेकायदा फलकांबद्दल उच्च न्यायालयाने कितीदा सुनावलंय ते मी तुम्हाला सांगायला नको. चौकीत ठाणे अंमलदार नवा येतो तेव्हा तोही तो फ्लेक्स वाचतो. कुणाला उचलायचं आणि कुणाला ‘साहेब’ म्हणायचं हे त्याला त्यातून कळतं. कलम ८३ कागदावर का येत नाही, याचं माझ्यापुरतं उत्तर त्या वीस फुटांत आहे. मकोकाच्या कलम २४ मध्ये टोळीला मदत करणाऱ्या किंवा कारवाई टाळणाऱ्या सरकारी नोकरालाही तीन वर्षांपर्यंत कैद आहे. कलम ४ मध्ये टोळीतल्या माणसाच्या वतीने हिशेब न लागणारी मालमत्ता बाळगणाऱ्याला तीन ते दहा वर्षं आहेत. कट्ट्यावरच्या पोरांकडे हिशेब न लागणारी एकच मालमत्ता सापडेल, बिनकागदाची स्प्लेंडर.

फेब्रुवारी २०२१ मध्ये तळोजा तुरुंगातून सुटलेल्या एका टोळीप्रमुखाला द्रुतगती महामार्गावरून शेकडो गाड्यांनी वाजतगाजत पुण्यात आणलं. त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, त्या धंद्यात नाव हेच भांडवल असतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्याच्या आयुक्तालयात अडीचशेहून जास्त गुंडांची ओळख परेड झाली, रील बनवू नका म्हणून बजावलं. त्याच संध्याकाळी त्या परेडचे व्हिडिओ रील होऊन पोरांच्या फोनवर फिरत होते. कोण कितव्या रांगेत उभा होता यावर कट्ट्यावर वाद झाला.

पोरांच्या याद्या करा, फोटोसकट कॉम्प्युटरवर ठेवा, असंही कुणीतरी सुचवतं. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १९८८ मध्ये रस्त्यावरच्या टोळ्यांसाठी वेगळा कायदा केला आणि पुढे टोळीवाल्यांची राज्यभराची यादीही ठेवली. २०१६ मध्ये तिथल्या लेखापरीक्षकांनी ती यादी तपासली. नोंद झाली तेव्हा ज्यांचं वय एक वर्षसुद्धा नव्हतं अशी ४२ नावं त्यात निघाली. त्यातल्या २८ जणांपुढे शेरा होता की, आपण टोळीत असल्याचं त्यांनी स्वतः कबूल केलंय. अंगणवाडीची पटसंख्या फुगवलेली मी पाहिली आहे, पण हे त्याच्याही वरचं. २०२१ मध्ये त्या राज्याने टोळीची व्याख्याच आवळून घेतली, नुसता एका गल्लीत राहतो म्हणून कुणी सदस्य ठरू नये यासाठी.

कबुलीजबाबांचं आपल्याकडेही काही वेगळं नाही. ११ जुलै २००६ च्या लोकल स्फोटांचा खटला मकोकाखाली चालला, विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये १२ जणांना दोषी ठरवलं, आणि २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाने बाराही जणांना सोडलं. मकोकाखाली घेतलेले कबुलीजबाब त्या न्यायालयापुढे टिकले नाहीत. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलंय, आणि हा निकाल इतर मकोका खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असं त्या न्यायालयाने तूर्त सांगितलंय. स्फोटांत ज्यांची माणसं गेली त्यांनी १९ वर्षं वाट पाहिली आणि त्यांच्या हाती आज काय आहे? कायदा कडक होता की.

अभ्यासिका काढा, मैदानं द्या, मुलांना खेळाकडे वळवा, हे मी लिहिणार नाही. ते भाषण तुम्हाला पाठ आहे आणि आमच्या मैदानावर कुणाचं पार्किंग आहे हेही तुम्हाला माहीत आहे.

मला तुमच्याकडून हवं ते सभागृहात बसून, नवा कायदा न करता होण्यासारखं आहे. दर अधिवेशनात गृह खात्याने एक कागद पटलावर ठेवावा: किती प्रकरणांत मकोका लावला, किती ठिकाणी मंजुरीच्या वेळी गळला, किती खटले संपले, किती जणांना शिक्षा झाली, आणि ‘टोळी सदस्य’ म्हणून आलेल्यांत पहिलाच गुन्हा असलेले किती. त्याच कागदावर, ज्या ज्या टोळीच्या गुन्ह्यात अठराच्या आतलं मूल होतं तिथे कलम ८३ आणि ९५ लावलं का, नसेल तर का नाही, हे तपास अधिकाऱ्याच्या सहीने. ‘मुलाने स्वतःहून कोयता आणला’ असं लिहायचं असेल तर खुशाल लिहावं, पण लिहावं. एवढं झालं तरी पांढऱ्या शर्टवाल्याला पुढचा कोयता देताना एकदा मागे वळून बघावं लागेल.

आणि साक्षीदार. २०१७ मध्ये तुम्ही साक्षीदारांच्या संरक्षणाचा कायदा केलात. आमच्या गल्लीत तीस लोकांनी तो व्हिडिओ पाहिला, त्यातल्या एकालाही असा कायदा असल्याचं माहीत नव्हतं. मला होतं, तरी मी चष्म्याचं कारण सांगितलं. कारण त्या सकाळी ‘बाई, तुम्ही बोला, तुमचं नाव बाहेर जाणार नाही’ असं कुणी म्हणालं नाही. सगळ्यांसमोर, दुकानाच्या पायरीवर विचारलं, आणि त्या गर्दीत पांढरा शर्टही उभा होता. वेगळ्या खोलीत विचारलं असतं तर मी सांगितलं असतं का? बहुतेक हो. शपथेवर नाही सांगता येत.

त्या आईची पुढची तारीख या महिन्याच्या २७ ला आहे. मुलगा आत गेल्यापासून तिने दोन घरची कामं सोडली, कारण तारखेच्या दिवशी सुटी मिळत नाही. भेटीला गेली की तो विचारतो, “बाहेर काय म्हणतात माझ्याबद्दल?” ती म्हणते, “काही नाही म्हणत.” त्यावर तो गप्प बसतो, आणि तिला वाटतं की त्याला वाईट वाटलं. मला वाटतं त्याला दुसरं काही ऐकायचं असतं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे

ता. क. पत्र पुरं करून ठेवलं आणि काल चौकात नवा फ्लेक्स लागला. वरच्या ओळीत डावीकडून दुसरे आणि चौथे तुमच्यातलेच आहेत. आपला फोटो असेल अशी शंका असलेल्यांनी येऊन बघून जावं. उतरवायला लागणारी शिडी मंडळाच्या खोलीत आहे आणि किल्ली समोरच्या पानवाल्याकडे.